मोहेंजोदडोतील सामान्य घराचा दिवस कसा उभा करावा?

आपण सहावीच्या वर्गाला इतिहास शिकवता आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ‘मोहेंजोदडोतील एक दिवस’ अशी वीस मिनिटांची नाटिका लिहीत आहात. तिचा आराखडा देऊन आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : यात चुकीचे काय आहे, आणि तेथील सामान्य माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके करीत तरी काय असे. आराखड्यात चार प्रवेश आहेत. पहाटे आई जात्यावर दळते, वडील महास्नानगृहात आंघोळीला जातात, दुपारी ते सरकारी कोठारातून मजुरीचे धान्य आणतात आणि संध्याकाळी सगळे कुटुंब राजपुरोहिताच्या वाड्यावर दर्शनाला जाते. स्पष्टच सांगायचे तर चारही प्रवेश बदलावे लागतील. मात्र ते का बदलायचे हे नीट कळले तर नवे प्रवेश आपले आपल्यालाच सुचतील, म्हणून उत्तर जरा लांबवते.

आधी मी हे कशाच्या आधारावर बोलते आहे ते सांगणे योग्य होईल. माझे काम खापरांचे आणि घरांच्या जमिनींचे आहे. गेली पंचवीसेक वर्षे मी हरियाणात आणि कच्छमध्ये हडप्पाकालीन टेकाडांवर ते करीत आले आहे. मोहेंजोदडो सिंध प्रांतात, लारकानाजवळ आहे. तेथे मी काम केलेले नाही. तेथील बहुतेक घरे १९२० आणि १९३० च्या दशकांत उकरली गेली, आणि अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांच्या १९६४-६५ मधील उत्खननानंतर मोठे उत्खनन थांबलेच, कारण जमिनीतून वर चढणारे क्षार उघड्या पडलेल्या विटांचा भुगा करतात. त्या जुन्या उत्खननांत वस्तू कोणत्या थरात मिळाली यापेक्षा ती ठरलेल्या पातळीपासून किती खोल मिळाली याची नोंद ठेवली जाई. त्यामुळे एकाच खोलीतल्या म्हणून नोंदलेल्या दोन वस्तू एकाच काळी तेथे होत्याच असे म्हणता येत नाही. घरांचा नकाशा विश्वासाचा, पण घरातल्या भांड्यांची मांडणी तितकीशी नाही, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आता मूळ अडचण. मोहेंजोदडोत काय काय सापडले ते पाठ्यपुस्तकात आहेच. पण संग्रहालयासाठी जी वस्तू निवडली जाते ती बहुधा दुर्मीळ असते, आणि दुर्मीळ वस्तू एकापुढे एक मांडून दिवस रचला की तो दिवस सणाचा होतो. रोजच्या गोष्टींच्या खुणा दोनच ठिकाणी टिकतात : हजारो वेळा हात-पाय लागून झिजलेल्या जागी आणि फेकून दिलेल्या कचऱ्यात. विद्यार्थिदशेत मला एका खोलीत काजळी धरलेली हंडी मिळाली तेव्हा मी वहीत ‘स्वयंपाकघर’ असे लिहून मोकळी झाले होते. आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, हंडी जमिनीवर होती की भरावात? ती भरावात होती. घर ओस पडल्यावर शेजाऱ्यांनी त्या पडक्या खोलीत कचरा टाकला होता आणि हंडी त्या कचऱ्यातली होती. खरी जमीन त्याखाली वीतभर खोल निघाली, ती मात्र स्वच्छ झाडलेली होती. घर नीट झाडणारी बाई आमच्या धंद्याचे फार नुकसान करते. तिच्या केरसुणीतून सुटून मातीत तुडवले गेलेले बारीक कण, म्हणजे माशाचा काटा, जळका दाणा, चकमकीची कपची, एवढेच आमच्या वाट्याला येते, आणि तेही जमिनीची माती पाण्यात ढवळून, वर तरंगणारे आणि चाळणीत उरणारे वेगळे केल्यावर.

उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या आपण लिहिण्याआधी ठरवाव्यात. पहिली म्हणजे काळ. या नगराचा भरभराटीचा काळ साधारणपणे इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरला जातो, म्हणजे सातशे वर्षे. देवगिरीच्या रामदेवराव यादवापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला तेवढा हा काळ आहे, आणि ‘महाराष्ट्रातील एक दिवस’ म्हणून त्या साऱ्या काळाचा एकच दिवस कोणी लिहिला तर आपण हसू. दुसरी गोष्ट ऋतूची. सिंधूला पूर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात येतो, पाणी ओसरल्यावर गहू आणि सातू पेरले जातात आणि वसंतात कापणी होते. पुराच्या दिवसांतला नगराचा दिवस आणि कापणीचा दिवस सारखा असणार नाही. तिसरी गोष्ट घराची. काही घरांत दोन-तीन खोल्या आहेत, तर काही घरे अनेक चौकांची आहेत. माझी सूचना अशी की साधारण इ.स.पू. २४०० चा काळ, कापणीचा हंगाम आणि मध्यम आकाराचे, एका चौकाचे, स्वतःची विहीर नसलेले घर घ्यावे. विहीर नसलेले का, ते आता सांगते.

आपला पहिला प्रवेश विहिरीवर घडला पाहिजे. मोहेंजोदडोचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या मायकेल जॅन्सेन यांच्या अंदाजाप्रमाणे त्या नगरात सुमारे सातशे विहिरी होत्या. म्हणजे सरासरीने दर तिसऱ्या घराला एक. नदी जवळ असताना इतक्या विहिरी खोदणारे दुसरे नगर त्या काळात दाखवता येत नाही. विहिरी गोल आहेत आणि त्यांचे बांधकाम पाचरीच्या आकाराच्या भाजक्या विटांचे आहे, त्यामुळे बाहेरून मातीचा जितका दाब येईल तितक्या विटा एकमेकींत घट्ट बसतात. गल्ल्यांची पातळी पिढ्यान्पिढ्या वर चढत गेली, तशी विहिरीची भिंतही वर बांधत नेली गेली. आज भोवतालचा भराव काढून टाकल्यामुळे काही विहिरी धुराड्यासारख्या उभ्या दिसतात, आणि छायाचित्र पाहणारी मुले हमखास विचारतात की हे मनोरे कसले.

या विहिरींच्या काठच्या विटांवर दोर घासून पडलेल्या खाचा आहेत. माझ्या मते त्या संपूर्ण नगरातील दैनंदिन जीवनाचा याहून चांगला पुरावा नाही, कारण तो कोणी मुद्दाम ठेवलेला नाही आणि तो एका दिवसात तयारही झालेला नाही. काही विहिरींजवळच्या फरसबंदीत घागरी टेकवून ठेवल्याने पडलेले खळगे आहेत, म्हणजे पाणी भरणारे माणूस घागर खाली ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहत असे. नगराच्या उत्तरार्धातील थरांत टोकदार बुडाच्या लहान पेल्यांची खापरे ढिगांनी मिळतात, त्यांतली कित्येक विहिरींच्या आसपास. असा पेला जमिनीवर उभा राहत नाही. हातात धरायचा, पाणी प्यायचे आणि टाकून द्यायचा, असा त्याचा उपयोग असावा असे उत्खनकांना वाटले, आणि कुल्हडातला चहा पिऊन झाल्यावर आपण जे करतो ते आठवले तर ते पटते. मात्र आपण इ.स.पू. २४०० चा काळ घेतलात तर हे पेले नाटिकेत आणू नका. ते नंतरचे आहेत. रांग, दोर, घागर, शेजारणींचे बोलणे आणि पायात घुटमळणारे कुत्रे एवढ्यावर पाच मिनिटांचा प्रवेश सहज उभा राहील.

जाते का नको? दोन गोल दगडांचे, खुंट्याला धरून फिरवायचे जाते आपल्याकडे त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी आले. हडप्पाकालीन घरांत मिळतो तो दगडी पाटा, मध्ये खोलगट झिजलेला, आणि त्यावर पुढे-मागे सरकवायचा दगड. मराठी माणसाला पहाटेच्या दळणाशी ओवी जोडल्याशिवाय राहवत नाही हे मी समजू शकते, पण जात्याची गती गोल असते आणि तिला गाण्याची लय सहज लागते. पाट्यावर मात्र गुडघे टेकून, अंगाचा भार पुढे टाकून, दगड ढकलावा आणि ओढावा लागतो. एकदा शिबिरावर आम्ही तिघींनी आळीपाळीने अशा पाट्यावर गहू दळून पाहिला, तेव्हा चौघांच्या भाकरीपुरते पीठ निघायला सकाळ गेली, आणि त्यात दगडाची कचकच होती ती वेगळीच. आम्ही नवख्या होतो हे मान्य, तरीही सवय असलेल्या बाईलाही रोज बराच वेळ लागत असणार. मुलांकडून हे रंगमंचावर करून घ्या; गुडघ्यावर बसून केलेले ते काम पाहिले की प्रेक्षकांना दिवसाचा किती भाग अन्नाच्या तयारीत जात होता हे सांगावे लागणार नाही.

त्या पिठाचे काय होत असे याविषयी मी जपून बोलेन. गहू, सातू, वाटाणा, मसूर, तीळ आणि खजूर यांचे अवशेष सिंधू खोऱ्यात मिळाले आहेत. हाडांमध्ये गाय-बैल आणि म्हैस यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे, त्यामागोमाग शेळ्या-मेंढ्या. माशांचे काटेही आहेत आणि तांब्याचे गळही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हडप्पा येथे समुद्रातल्या माशांची हाडे मिळाली आहेत, म्हणजे सुकवलेली मासळी तेथवर व्यापाराने पोहोचत होती. आपल्या सुक्या बाजाराचा हा वारसा चार हजार वर्षांहून जुना आहे हे कोकणातल्या विद्यार्थ्यांना सांगून मी नेहमी भाव खाते. हळद आणि आले यांचे स्टार्चकण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या हरियाणातील फरमाना येथे मिळाले, आणि दुधाच्या स्निग्धांशाचा पुरावा कच्छमधील कोटडा भडली येथील खापरांतून पुढे आला. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील काही वस्त्यांच्या भांड्यांत मुरलेली चरबी तपासली तेव्हा मात्र दुधापेक्षा मांसाचे अंश बरेच अधिक दिसले. हे सारे एकाच हंडीत घालण्याचा मोह आवरावा, कारण फरमाना मोहेंजोदडोपासून सुमारे आठशे किलोमीटरवर आहे, आणि आजही एवढ्या अंतरात फोडणी बदलते. नाटिकेत मातीच्या हंडीत शिजणारी सातूची किंवा गव्हाची पेज, सोबत मसूर आणि मासा, एवढे दाखवले तर कोणी बोट ठेवू शकणार नाही. शाळेत मांसाहार दाखवणे अवघड वाटत असेल तर तो प्रसंग गाळावा. पण ते लोक शाकाहारी होते असे वाक्य कोणाच्या तोंडी घालू नये. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि मका अमेरिकेतून आले, तेव्हा नेपथ्याच्या टोपलीतून तेही काढावेत.

वडिलांना आंघोळीसाठी महास्नानगृहात पाठवण्याचे कारण मला कळते. ते चित्र प्रत्येक पुस्तकात असते : १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, सुमारे २.४ मीटर खोल, आणि पाणी झिरपू नये म्हणून बाहेरून डांबराचा थर दिलेले. परंतु ते पश्चिमेकडील उंच टेकाडावर, वस्तीपासून वेगळ्या भागात आहे, आणि हजारोंच्या वस्तीच्या रोजच्या आंघोळीची ती जागा असू शकत नाही. बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध विशेष प्रसंगांशी लावतात. रोजच्या आंघोळीसाठी घराघरांत मोरी होती. मी मोरी हा शब्द जाणून वापरते, कारण ‘स्नानगृह’ म्हटले की डोळ्यांपुढे टाइल्स येतात. प्रत्यक्षात ती एका कोपऱ्यातली लहानशी, विटा उभ्या घट्ट बसवून केलेली, एका बाजूला उतार दिलेली चौकोनी जागा आहे. त्या विटा वापराने गुळगुळीत झाल्या आहेत. उभे राहून किंवा बसून भांड्याने अंगावर पाणी घ्यायचे आणि ते उताराने भिंतीतल्या नळीत जायचे. वरच्या मजल्यावरचे पाणी खाली आणण्यासाठी भाजक्या मातीचे नळही भिंतीत बसवलेले आढळतात. जुन्या वाड्यात लहानपण गेलेल्या कोणालाही ही मोरी ओळखू येईल.

घरातले सांडपाणी गल्लीतल्या गटारात जात असे, काही ठिकाणी आधी शोषखड्ड्यात किंवा जमिनीत पुरलेल्या भोके पाडलेल्या रांजणात पडून. गटारे विटांनी बांधलेली, विटांनी किंवा दगडाच्या फरशांनी झाकलेली आहेत, आणि मधूनमधून गाळ साचण्यासाठी व उपसण्यासाठी खड्डे आहेत. गटारांचे कौतुक सर्वत्र वाचायला मिळते, म्हणून ते मी वाढवत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पुढचा भाग. गटार बांधणे एकदाचे असते, ते साफ करणे कायमचे. गटारांच्या कडेला उपसलेल्या गाळाचे लहान ढीग तसेच राहिलेले उत्खनकांना दिसले. कोणी तरी झाकण उचलून, आत हात घालून गाळ बाहेर काढला होता आणि ढीग उचलायला कोणी आले नव्हते. आपल्या नगरपालिकेची आठवण झाली तर दोष माझा नाही. हे काम कोण करीत असे, त्याला काय मिळत असे, हे कोणत्याही मुद्रेवर चित्रित केलेले नाही, परंतु आपल्या नाटिकेत एक पात्र या माणसाचे असावे असे मला मनापासून वाटते. राजापेक्षा त्याचे अस्तित्व कितीतरी अधिक खात्रीचे आहे.

दुपारचा प्रवेश. ज्या इमारतीला ‘धान्यकोठार’ म्हणतात ते नाव ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५० मध्ये दिले. तेथे धान्य मिळालेले नाही, आणि आज पुष्कळ अभ्यासक ती नुसती एक मोठी इमारत मानतात. त्यामुळे तेथून मजुरी आणण्याचा प्रवेश पायाच नसलेला आहे. त्याऐवजी वडिलांना कारागीर करा आणि काम घराजवळच होऊ द्या. अकीकाचे लांब मणी हा चांगला विषय आहे. मणी आधी तापवून लाल करायचा, कपच्या काढून घडवायचा, घासायचा आणि मग दोरीच्या धनुकलीने फिरवायच्या गिरमिटाने दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्यापर्यंत न्यायचे. पुरातत्त्वज्ञ मार्क केनोयर यांनी हडप्पाकालीन पद्धतीच्या अतिकठीण दगडी टोकांनी प्रयोग केले तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडले. सहा सेंटिमीटरच्या एका मण्याला केवळ भोक पाडण्याचे चोवीस तास झाले. रोज सहा तास काम धरले तरी चार दिवस, तेही मणी तडकला नाही तर. गुजरातेत खंभातला अकीकाचे काम आजही चालते आणि या अभ्यासाचा मोठा भाग तेथील कारागिरांशेजारी बसून झालेला आहे. अशा मण्यांचा हार सामान्य घरातील बाईच्या गळ्यात घालू नका. मणी घडवणाऱ्याच्या बायकोच्या गळ्यात तर नाहीच. तिच्या हातात मातीच्या बांगड्या शोभतील. मातीच्या बांगड्यांचे तुकडे आम्ही पाट्या भरभरून उचलतो, इतके की नवा विद्यार्थी तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाहणे सोडतो.

मालाचा व्यवहार दाखवायचा असेल तर नाणी वापरू नका, ती नव्हती. तागडी आणि वजने दाखवा. वजने चर्ट नावाच्या कठीण दगडाची, घनाकृती, कोरीव अक्षरांशिवायची आहेत. मोहेंजोदडोला हा दगड जवळच्या रोहरी टेकड्यांतून येई. लहान वजने १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढतात, आणि सर्वांत अधिक आढळणारे १६ पटीचे वजन सुमारे १३.७ ग्रॅमचे आहे. सोळा आण्यांचा रुपया आठवून काही जण थेट वारसा जोडतात. निम्मे, पाव, अर्धपाव असे मोडत जाणे तागडीला सोयीचे असते, म्हणून कोठेही हीच पद्धत सुचू शकते, असे मी म्हणेन. मुलांना मात्र हे गणित आवडेल.

आईचा दिवस पाट्यापाशी संपत नाही. टकळीच्या चकत्या साध्या आणि श्रीमंत अशा दोन्ही घरांत मिळतात, काही मातीच्या, काही शंखाच्या, काही फायान्सच्या, म्हणजे भाजून चकाकी आणलेल्या महागड्या कृत्रिम पदार्थाच्या. सूतकताई हे बसल्या-उठल्या, बोलता-बोलता करण्याचे काम आहे. त्यामुळे रंगमंचावरील कोणत्याही रिकाम्या हातात टकळी द्यायला हरकत नाही. कापसाचे कापड होते याविषयी शंका नाही, कारण मोहेंजोदडोतच एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा धातूच्या गंजामुळे टिकून राहिला. पोशाखासाठी कमरेला गुंडाळलेले साधे सुती वस्त्र पुरेल. त्रिदली नक्षीची शाल डाव्या खांद्यावर घेतलेल्या पुरुषाच्या पुतळ्यावरून साऱ्या वर्गाला शाली पांघरू नका, आणि ‘नर्तिके’च्या ब्राँझमूर्तीच्या डाव्या हातात खांद्यापर्यंत बांगड्या आहेत म्हणून प्रत्येक मुलीच्या हातात तेवढ्या भरू नका. ती मूर्ती १०.५ सेंटिमीटरची आहे आणि ती नर्तिका आहे हेसुद्धा आपण ठरवलेले आहे.

त्या शालीवाल्या पुतळ्याकडे येते, कारण आपला शेवटचा प्रवेश त्याच्यावर उभा आहे. तो साडेसतरा सेंटिमीटर उंचीचा, शंखजिऱ्याचा आहे, आणि ‘पुरोहित-राजा’ हे नाव उत्खनकांनी दिलेले आहे. मोहेंजोदडोत निर्विवाद राजवाडा, निर्विवाद मंदिर किंवा राजाची समाधी मिळालेली नाही. एवढे आखीव रस्ते, १:२:४ प्रमाणाच्या विटा आणि सारखी वजने असल्यावर कोणी तरी नियम करीत असणार हे उघड आहे. परंतु तो एक माणूस होता की काही घराण्यांची किंवा व्यापाऱ्यांची मंडळी होती, यावर आमच्यात एकमत नाही. म्हणून संध्याकाळ वाड्यावर न नेता गल्लीत ठेवावी. घरांची दारे बहुधा मोठ्या रस्त्यावर न उघडता आतल्या गल्लीत उघडतात, आणि आत शिरताच चौक दिसू नये अशी भिंतीची आडही काही घरांत असते. म्हणजे रस्ता गाड्यांचा आणि मालाचा, गल्ली माणसांची.

गल्लीत मुले असू द्या. मातीच्या बैलगाड्या, मान हलवणारे बैल, खुळखुळे, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या ही खेळणी विपुल मिळतात. सोंगट्या आणि घनाकृती फासेही आहेत. फाशांवर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज आजच्यासारखी सात न येता एकासमोर दोन, तीनासमोर चार आणि पाचासमोर सहा असे ठिपके आहेत. पुठ्ठ्याचे फासे करणार असाल तर ठिपके तसे काढा. पहिल्या रांगेतला एखादा चौकस पालक नक्की विचारील आणि मुलांना उत्तर देण्याची संधी मिळेल. आणखी एक वीट मला फार आवडते. मोहेंजोदडोच्या दक्षिणेला असलेल्या चान्हुदडो येथे, वाळत घातलेल्या कच्च्या विटेवरून मांजर पळाले आणि त्यामागोमाग कुत्रे, अशा दोन्ही पावलांचे ठसे असलेली वीट मिळाली. वीट नंतर भाजली गेली, म्हणून तो क्षण टिकला.

येथवर सांगितलेले थोडक्यात जुळवून घेतले तर प्रवेश असे होतात : पहाटे विहीर, सकाळी पाटा आणि मोरी, दुपारी मण्यांचा कारखाना आणि तागडी, संध्याकाळी गल्ली, आणि या सर्वांतून ये-जा करणारा गटार साफ करणारा माणूस. शेवटी आक्रमण, कत्तल किंवा महापूर आणून पडदा पाडू नये. गल्ल्यांत मिळालेल्या सांगाड्यांवरून कत्तलीची कथा रचली गेली होती; डेल्स यांनी १९६४ मध्येच दाखवून दिले की ते सांगाडे एका काळाचे नाहीत आणि लढाईचा पुरावाही नाही. आपण एका साध्या दिवसाची गोष्ट लिहीत आहात, ती साधीच संपू द्या.

आपली शाळा श्रीरामपूर तालुक्यात असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून एक जोड. प्रवरेकाठचे दायमाबाद आपल्याच तालुक्यात आहे. १९७४ मध्ये तेथे रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, एकूण साठ किलोंहून अधिक वजनाच्या. पुढे १९७६ ते १९७९ या काळात झालेल्या उत्खननात उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळाचा थरही स्पष्ट झाला. मोहेंजोदडोतले कोणी प्रवरेकाठी चालत आले असे यावरून नाटिकेत म्हणू नका, पण प्रयोगाआधी मुलांना त्या टेकाडावर एकदा घेऊन जा. जमिनीवर पडलेली खापरे बघू द्या, उचलून दप्तरात मात्र घालू देऊ नका.

राहिला पात्रांच्या नावांचा प्रश्न. आपण संस्कृत वळणाची नावे सुचवली आहेत. लिपीत सुमारे चारशे चिन्हे आहेत, लेख सरासरी पाच चिन्हांचे आहेत आणि ते सर्वमान्य रीतीने कोणीही वाचलेले नाहीत. त्यामुळे त्या नगरातील एकाही माणसाचे नाव आज आपल्याला उच्चारता येत नाही. संस्कृत काय किंवा तमिळ काय, कोणतेही नाव दिले की आपण नकळत एका वादात पक्ष घेतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘मणी घडवणारा’, ‘पाणी भरणारी’, ‘थोरली मुलगी’, ‘गाळ काढणारा’ अशीच पात्रे छापा, आणि रंगमंचावर त्यांनी एकमेकांना आई, बाबा, आजी, मामा अशी हाक मारावी.